अरुंद पट्टीला टेकू: ट्रॅक सॉसाठी घरचा फर्मा

मागच्या वेळी आपण एखादी कड सरळ आहे हे कशावरून ठरवायचं, यावर बोललो होतो. आज त्याच्या पुढचा, जरा जास्त हातघाईचा विषय घेतोय: ट्रॅक सॉने अरुंद पट्ट्या कशा चिरायच्या आणि त्यासाठी लागणारा फर्मा घरच्या घरी कसा करायचा. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं करवतीवर काय बोलावं, असं काहींना वाटेल. वाटू द्या. आम्ही तिघं, तिघंही निवृत्त आणि सत्तरीच्या पुढचे, सोसायटीच्या एका बंद गॅरेजमध्ये काही वर्षं लाकूडकाम करतोय. जे बोलणार आहोत ते तिथल्या भुशातून आलेलं आहे. अधूनमधून जुनी सवय डोकं वर काढेल, तेवढं सांभाळून घ्या.

आधी यंत्र. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक सॉ म्हणजे हातात धरायची गोल पात्याची करवतच, पण ती ॲल्युमिनियमच्या एका लांब रुळावर सरकते. जर्मनीतल्या फेस्टो या कंपनीनं 1960 च्या दशकात ही रुळाची कल्पना बाजारात आणली. आज मकिता, बॉश आणि इतरही अनेक कंपन्या अशी यंत्रं करतात. रूळ साधारण 18-19 सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या कामाच्या कडेला रबराची एक पातळ कड चिकटवलेली असते. यंत्र नवीन असताना पहिल्यांदा रुळावरून फिरवलं की पातं ही रबराची कड कापून टाकतं, आणि त्यानंतर जिथं रबर संपतं तिथंच पातं चालतं. म्हणजे रेष आखायची, रबराची कड रेषेवर ठेवायची आणि यंत्र ढकलायचं. आठ बाय चारच्या प्लायवूडसाठी यासारखं सोपं काही नाही. एवढं मोठं शीट यंत्राकडे न्यायच्या ऐवजी यंत्रच शीटकडे जातं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला तर हे वरदानच.

आता अडचण बघा. रूळ 18 सेंटिमीटर रुंद आणि तो बसतो कशावर? तर कापायच्या लाकडावरच. लाकूड रुंद असेल तर प्रश्न नाही. पण तुम्हाला 10 मिलिमीटरची पट्टी हवी आहे. कपाटाच्या प्लायवूडच्या कडा झाकायला सागवानाच्या पट्ट्या लावतात ना, आपले मिस्त्री ज्याला बिडिंग किंवा लिपिंग म्हणतात, ती. ती पट्टी रुळाखाली ठेवली तर रूळ एका बाजूला 10 मिलिमीटरवर टेकलेला आणि उरलेला सगळा अधांतरी. यंत्र ठेवलं की कलंडणार. बरं, उलट केलं, म्हणजे रूळ रुंद फळीवर ठेवला आणि पट्टी बाहेरच्या बाजूला पडू दिली, तर? रूळ नीट बसतो, पण पट्टीला वरून कुणी धरलेलं नाही. चीर पुढे सरकते तशी ती थरथरते, शेवटच्या दोन इंचांत कुठंतरी सरकते, आणि तिच्या वरच्या कडेला रबराचं संरक्षण नसल्यानं चिपळ्या उडतात. शिवाय प्रत्येक पट्टीसाठी रूळ नव्यानं मोजून लावायचा. वीस पट्ट्या म्हणजे चाळीस मोजमापं, आणि चाळीस मोजमापं एकसारखी येणं ही गोष्ट कुणाच्याच हातून होत नाही.

तेव्हा अडचण कापण्याची नाहीच. पातं काय, कापतंच. अडचण अशी, की रुळाला टेकायला जे लागतं ते अरुंद लाकडापाशी नसतं. फर्म्यानं ते द्यायचं, एवढंच त्याचं काम. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे म्हणा.

हे एवढं का करायचं, विकत पट्ट्या मिळतात की, असं कुणी म्हणेल. मिळतात. पण जी दुसरी पद्धत आपल्याकडे घरोघरी कामाच्या जागी दिसते ती आठवून बघा. हातातलं कटर मशीन उलटं करून एका प्लायच्या टेबलाला खालून बसवतात, पातं वर काढतात, एका बाजूला पट्टी ठोकून आधार करतात आणि लाकूड हातानं ढकलतात. पात्यावर झाकण नाही, मागे चीर उघडी ठेवणारं पातं नाही, आणि पट्टी जितकी अरुंद तितकी बोटं पात्याच्या जवळ. आम्ही ज्यांच्याकडून बरंच शिकलो त्या मिस्त्रींची या पद्धतीवर अफाट हुकमत आहे. पण त्यांनीच एकदा स्वतःचा डावा हात पुढे केला आणि म्हणाले, “सर, हे तुम्ही नका करू.” त्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती. कसब कमी होतं म्हणून ती गेली असं कुणी म्हणू नये. दिवसाला शंभर वेळा जी जोखीम घ्यायची असते तिथं कसब नव्व्याण्णव वेळा पुरतं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचरचे प्राध्यापक असलेल्या डेव्हिड पाय यांनी 1968 साली कारागिरीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी एक उपयोगी भेद केला आहे. एक जोखमीची कारागिरी: काम चालू असताना प्रत्येक क्षणी ते बिघडू शकतं, आणि निकाल करणाऱ्याच्या लक्षावर, हातावर अवलंबून असतो. दुसरी खात्रीची कारागिरी: निकाल काम सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. पाय यांचं म्हणणं असं नव्हतं की पहिली थोर आणि दुसरी हलकी. त्यांनी हेही सांगितलं की जोखमीचं काम करणारे लोकसुद्धा फार पूर्वीपासून फर्मे, साचे, आधार वापरून जोखीम कमी करत आले आहेत. आमच्या दृष्टीनं फर्मा म्हणजे शांतपणे, यंत्राची वायर काढलेली असताना घेतलेला एक निर्णय. यंत्र घरघरत असताना तो पुन्हा घ्यावा लागू नये म्हणून त्याला लाकडाचं रूप दिलेलं असतं.

आता बांधू या. आम्ही सांगतोय तो फर्मा 1400 मिलिमीटरच्या रुळासाठी आणि एक मीटरपर्यंतच्या पट्ट्यांसाठी आहे. तुमचा रूळ वेगळा असेल तर मापं बदला.

खाली एक पाट. 18 मिलिमीटरचं प्लायवूड, 1400 लांब आणि 550 रुंद. तो सपाट असला पाहिजे, यावर तडजोड नाही. पाटाला पीळ असेल तर तो वरच्या प्रत्येक पट्टीत उतरतो. वरून 6 मिलिमीटरचा एमडीएफ स्क्रूनं लावा. पातं या एमडीएफमध्ये दोन मिलिमीटर उतरणार आहे, तो खराब झाला की बदलायचा. चिकटवू मात्र नका.

पाटाच्या दोन्ही टोकांना आडवे ठोकळे, प्रत्येकी 150 मिलिमीटर रुंद. म्हणजे मध्ये 1100 मिलिमीटरची जागा उरते. रुळाची दोन टोकं या ठोकळ्यांवर बसतील. इथं पहिली महत्त्वाची गोष्ट: ठोकळ्यांची जाडी, जे लाकूड चिरायचं आहे त्याच्या जाडीइतकीच हवी. ती मोजून काढत बसू नका. ज्या फळीतून पट्ट्या काढणार, त्याच फळीची टोकं कापून ठोकळे करा. एकाच फळीला एकदाच रंधा मारला असेल तर जाडी आपोआप सारखी. ठोकळ्यांचे स्क्रू पात्याच्या वाटेपासून लांब ठेवा. पलीकडच्या ठोकळ्यात पातं पाच-सहा सेंटिमीटर शिरणारच आहे. शिरू द्या. तिथं चीर पडते त्याचा फायदाच होतो, पट्टीच्या शेवटच्या रेषांना मागून आधार मिळतो आणि त्या फाटत नाहीत.

रूळ दर वेळी उचलून पुन्हा त्याच जागी बसला पाहिजे. बहुतेक रुळांना खालच्या बाजूनं लांबीभर एक खाच असते, शिकंजा अडकवायला दिलेली. त्या खाचेत अगदी बेतानं बसेल अशी लाकडाची जिभळी रंध्यानं घासून करायची, आणि एकेक जिभळी दोन्ही ठोकळ्यांवर चिकटवायची. घाई केली तर ती सैल होते, म्हणून एक-दोन झटके मारा, बसवून पाहा, पुन्हा झटका. रूळ वरून ठेवला की जिभळी खाचेत शिरते आणि तो डावी-उजवीकडे हलत नाही. पुढे सरकू नये म्हणून पलीकडच्या ठोकळ्यावर रुळाच्या टोकाला एक छोटा तुकडा ठोका, पण पात्याच्या बाजूला नको. काही जण बिजागऱ्या लावून रूळ दाराच्या झडपेसारखा उघडतात. दिसायला छान दिसतं, पण साध्या बिजागरीत जो ढिलेपणा असतो तो सरळ पट्टीच्या रुंदीत जातो. आमचं मत जिभळीच्या बाजूनं.

आता या फर्म्याचा जीव, सरकती फळी. 1080 मिलिमीटर लांब, 250 रुंद, जाडी पुन्हा लाकडाइतकीच. ती रुळाच्या खाली, दोन ठोकळ्यांच्या मध्ये बसते. तिची पुढची कड रंध्यानं सरळ केलेली. मागचा सहा-सात सेंटिमीटरचा भाग रुळाच्या मागे बाहेर येतो, त्यात 60 मिलिमीटर लांबीच्या दोन-तीन खाचा, आणि त्यातून पाटाखालून वर येणारे बोल्ट आणि वरून विंग नट. नट सैल केला की फळी मागे-पुढे सरकते, आवळला की पक्की. एवढी रुंद सागवानी फळी मिळत नाही, तेव्हा ही प्लायवूडची करा आणि जाडी कमी पडत असेल तर खाली कागद चिकटवून वाढवा. साधा कागद दहा शतांश मिलिमीटरच्या आसपास असतो. जाडी जुळली का ते बोटानं पाहा: फळी आणि लाकूड शेजारी ठेवून सांध्यावरून डोळे मिटून बोट फिरवायचं. तिथं पायरी असेल तर बोट सांगतं, डोळा नाही सांगत.

ही फळी एकाच वेळी दोन कामं करते, म्हणून तिला जीव म्हटलं. रुळाला ती टेकू देते, जो दहा मिलिमीटरची पट्टी देऊ शकत नव्हती. आणि तिची पुढची कड हाच लाकडाचा अडसर आहे. लाकूड तिच्यापर्यंत ढकललं की अडसरापासून रबराच्या कडेपर्यंतचं अंतर हीच पट्टीची रुंदी. तयार पट्टी रुळाखाली राहते, वरून दाबलेली, रबरानं झाकलेली. उरलेली फळी बाहेर.

जाडीबद्दल एक खुलासा, कारण इथं मोह होतो. सरकती फळी लाकडापेक्षा किंचित जाड ठेवली तर रूळ न उचलताच लाकूड आत सरकवता येतं. काम झपझप होतं. पण मग रूळ पट्टीला दाबत नाही, पट्टी आत मोकळी राहते. उलट फळी फार पातळ ठेवली तर रूळ मागे झुकतो आणि पातं तिरकं चालतं, पट्टीची वरची आणि खालची रुंदी वेगळी येते. सारखी किंवा केसभर कमी, एवढंच. आणि दर पट्टीला रूळ उचलायचा कंटाळा करायचा नाही.

आता माप लावणं. इथं आम्हाला थोडं रेंगाळायचंय, कारण आमच्या मते सुतारकामात सगळ्यात कमी समजून घेतलेली गोष्ट हीच. लोक टेप घेतात, एका टोकाला 10 मिलिमीटर वाचतात, दुसऱ्या टोकाला 10 वाचतात, नट आवळतात. दोन्ही वाचनांत अर्धा-अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, एक जास्त आणि एक कमी, की मीटरभर लांबीच्या पट्टीत एक मिलिमीटरचा उतार. दहा मिलिमीटरच्या पट्टीत एक मिलिमीटर डोळ्याला खुपतो.

त्याऐवजी 10 मिलिमीटरचं ड्रिल बिट घ्या. त्याचा गुळगुळीत दांडा. रूळ जागेवर बसवा. दांडा सरकत्या फळीच्या कडेला आडवा लावून धरा आणि त्याची बाहेरची बाजू रबराच्या कडेच्या बरोबर खाली येईल अशी फळी सरकवा. छोटा गुण्या हलक्या हातानं रबराला लावून खाली पाहिलं की कळतं. रबर दबेल एवढा जोर लावायचा नाही. एक टोक आवळलं की तेच बिट दुसऱ्या टोकाला न्या. तेच. दुसरं 10 चं बिट नको. ते बिट खरोखर 10 आहे की 9.9, याची आपल्याला या क्षणी फिकीर नाही. दोन्ही टोकांना एकच वस्तू बसली, तर अडसर आणि चीर समांतर आहेत, मग आकडा काहीही असो.

गॉटलोब फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञानं 1884 च्या आपल्या ग्रंथात संख्या म्हणजे काय याचा विचार करताना असंच काहीसं दाखवलं. दोन गटांत सारख्याच वस्तू आहेत हे कळायला त्या मोजाव्या लागत नाहीत. आपल्याकडची पंगत घ्या. प्रत्येक पाटापुढे एक पान मांडलं, एकही पाट पानाशिवाय नाही आणि एकही पान पाटाशिवाय नाही, तर पाट आणि पानं सारखी. किती, ते वाढप्याला माहीत नसलं तरी चालतं. सारखेपणा आधी, आकडा नंतर. फर्म्याचं तत्त्व हेच आहे. कपाटाच्या कडांना लावायच्या पट्ट्यांची रुंदी 10 आहे की 10.2, हे कपाटाला कळत नाही. पण शेजारशेजारच्या दोन पट्ट्या वेगळ्या असल्या तर ते दारात उभ्या असलेल्या पाहुण्यालाही कळतं.

अर्थात एक पट्टी कापून ती व्हर्नियरनं दोन्ही टोकांना आणि मध्ये पाहून घ्यायची. याचं कारण असं, की फर्मा जसा चांगुलपणा जपतो तसाच दोषही इमानानं जपतो. हातानं आखून कापलेल्या वीस पट्ट्यांत चुका विखुरतात, फर्म्यात एकच चूक वीस वेळा येते. आणि हो, यंत्र रुळावर हलतंय का ते रबर कापायच्या आधी बघायला हवं. यंत्राच्या तळाला ढिलेपणा काढायचे स्क्रू असतात, ते फिरवून यंत्र रुळावर बेताचं सरकेल असं करून घ्या. नंतर ते फिरवले तर रबराची कड आणि पातं यांची जुळणी बिघडते.

आता प्रत्यक्ष चिरणं. त्याआधी जोर कुठे लागतो ते समजून घेऊ, म्हणजे बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. या यंत्राचं पातं अशा दिशेनं फिरतं, की खालचे दात पुढे जातात आणि पात्याच्या पुढच्या बाजूनं लाकडातून वर येतात. म्हणजे लाकडाला दोन धक्के बसतात: एक पुढे, तुमच्यापासून दूर, आणि एक वर. पुढचा धक्का पलीकडचा ठोकळा घेतो, म्हणून लाकूड सुरुवातीलाच त्या ठोकळ्याला भिडवून ठेवायचं. वरचा धक्का रुळाखालच्या पट्टीसाठी रूळ घेतो. पण बाहेर राहिलेल्या फळीसाठी? तिथं काही नाही. तिला वरून दाबायची सोय तुम्ही करायची. आम्ही पाटाच्या बाहेरच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्या केल्यात, प्रत्येकीला मागे लाकडाइतकाच जाड ठोकळा आणि मध्ये एक बोल्ट. नट आवळला की पट्टी फळीला खाली दाबते. यंत्राची बाहेरची बाजू पात्याच्या थोडी पुढे येते, तेव्हा वायर काढून, यंत्र एकदा पूर्ण लांबीभर नुसतं ढकलून बघा की ते कशाला आपटत नाही ना.

कुणाला वाटेल, बाहेरून पाचर मारून फळी अडसराकडे रेटली तर? सुतारकामात पाचर सगळीकडे चालते. इथं नाही. चीर पडत जाते तसे लाकडाचे दोन भाग होतात. बाहेरचा भाग आतल्या दिशेला रेटलेला असेल तर तो चिरेत मिटतो आणि पात्याला चिमटा बसतो. चिमटलेलं पातं थांबत नाही, ते यंत्रालाच मागे, तुमच्याकडे फेकतं. काही यंत्रांत पात्यामागे चीर उघडी ठेवणारं एक पातळ पोलादी पान असतं, काहींत नसतं. असलं तरी त्याच्या भरवशावर पाचर मारू नये. वरून दाबा, आडवं रेटू नका.

पात्याची खोली लाकडापेक्षा दोन मिलिमीटर जास्त. पातं उभं चिरण्याचं, म्हणजे कमी दातांचं घ्या. प्लायवूडचं बारीक दातांचं पातं सागवानात उभं चालवलं तर भुसा बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि लाकूड करपतं. दोन्ही हात यंत्रावर. लाकडाला हात लावायची गरज पडत असेल तर फर्म्यात काहीतरी राहिलंय असं समजायचं. चीर पूर्ण झाली की यंत्र बंद, पातं वर, पातं थांबेपर्यंत काही उचलायचं नाही. मग रूळ उचला, पट्टी काढा, फळी अडसराला भिडवा, रूळ ठेवा. भुसा अडसराच्या कोपऱ्यात साठतो आणि तेवढ्यानं पुढची पट्टी बारीक येते, म्हणून दर वेळी तिथं ब्रश फिरवायचा. भुशाबद्दल आणखी एक: लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 पासून नोंदवलेलं आहे. व्हॅक्यूम लावा, मास्क लावा.

आतापर्यंत आम्ही लाकूड निर्जीव असल्यासारखं बोललो. ते तसं वागत नाही. झाड वाढताना आणि फळी सुकताना तिच्या आत ताण साठलेले असतात, एकमेकांना तोलून धरलेले. एक पट्टी काढली की तो तोल मोडतो आणि फळी किंचित वाकते. आधी सरळ असलेली कड आता धनुष्यासारखी. ती कड अडसराला भिडवली की मध्ये फट राहते किंवा टोकांना. पट्टीची एक बाजू पात्यानं सरळ कापलेली आणि दुसरी वाकडी, म्हणजे रुंदी लांबीभर बदलत जाते. फर्मा इथं काही करू शकत नाही, तो फक्त अंतर राखतो. दर दोन-तीन पट्ट्यांनंतर फळी अडसराला लावून फटीतून उजेड दिसतो का ते पाहायचं. दिसला, तर रूळ फळीवर नेहमीसारखा ठेवून कडेचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर कापून ती पुन्हा सरळ करायची. सुरुवातीची कडसुद्धा अशीच करून घ्यायची असते. वखारीतून आलेल्या फळीची कड सरळ असते असं मानू नये.

याचा हिशेब आधी करा. 150 मिलिमीटरची फळी घेतली, कड सरळ करण्यात 4 गेले, राहिले 146. पट्टी 10 ची आणि पातं खातं साधारण 2.2, म्हणजे एका पट्टीला 12.2. सात पट्ट्या काढल्या की 85.4 गेले, उरली 60.6 ची फळी. इथं थांबायचं, कारण याहून अरुंद तुकडा बाहेरच्या दाबपट्टीला नीट धरता येत नाही. मग एवढं सागवान वाया? नाही. त्या उरलेल्या फळीच्या बाहेरच्या कडेला त्याच जाडीची पाइनची टाकाऊ फळी फेविकॉलनं जोडायची आणि रात्रभर दाबून ठेवायची. सकाळी दाबपट्टीला धरायला भरपूर पाइन असतं आणि सागवान शेवटपर्यंत चिरता येतं. आणखी पाच पट्ट्या निघतात, एकूण बारा. अर्थात फळी मध्ये वाकली नाही तर. वाकली तर एक-दोन कमी धरा.

एक प्रश्न आधीच चिठ्ठीवर आलाय, तो वाचतो: “फर्म्यानंच सगळं होणार असेल तर कारागिराचं कसब कुठं राहिलं?” चांगला प्रश्न आहे. गिल्बर्ट राइल यांनी 1949 च्या त्यांच्या पुस्तकात ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे माहीत असणं’ यांत फरक केला. दुसरं ज्ञान पहिल्यात पूर्ण मावत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही आज तासभर जे सांगितलं ते पहिल्या प्रकारचं आहे. तुम्ही जिभळी घासायला बसाल तेव्हा किती झटके पुरे, हे या भाषणात सापडणार नाही. बोटाला पायरी कळणं, चिमटा बसायच्या आधी यंत्राचा आवाज जड होतो तो ऐकू येणं, फळीचं टोक बघून ती कुठं वाकेल याचा अंदाज करणं, हे सगळं कसबच आहे. फर्म्यानं ते वापरायची वेळ बदलली. पातं फिरत असताना ज्याची गरज होती त्यातलं बरंचसं ते पातं बंद असताना वापरता येऊ लागलं. ज्या मिस्त्रींचा हात आम्ही सांगितला, त्यांना हा फर्मा दाखवला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी जिभळी हलवून पाहिली. यंत्र नंतर बघितलं. जिथं कसब होतं तिथं त्यांचा हात गेला.

एक मात्र मान्य करायला हवं. ट्रॅक सॉ आणि रूळ ही आमच्यासारख्या पेन्शनरांची चैन आहे, रोजावर काम करणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणून या फर्म्याची बढाई मारताना उलट्या मशीनवर काम करणाऱ्याला नावं ठेवू नयेत. त्यांच्यासाठी निदान एक करता येतं: तुमच्या घरी काम चालू असेल तर अरुंद पट्ट्या जागेवर काढायचा आग्रह धरू नका, त्या वखारीतून किंवा मोठ्या टेबल सॉवरून कापून आणा. थोडे पैसे जास्त लागतील, तेवढे द्या.

शेवटी पट्ट्यांचं काय करायचं तेवढं सांगतो. 19 मिलिमीटरच्या प्लायला पट्टीची उंची 21 ठेवा, म्हणजे फळी 21 जाडीची घ्या. लावल्यावर दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर पट्टी वर राहते, ती रंध्यानं आणि मग पॉलिश पेपरनं प्लायच्या पातळीला आणायची. सनमायका आधी लावला असेल तर रंधा त्याच्यावर चढू देऊ नका. आणि पट्ट्या लगेच लावणार नसाल तर त्या एकत्र बांधून, सपाट फळीवर आडव्या ठेवा. भिंतीला उभ्या टेकवल्या तर आठवड्यात वाकतात.